आईच्या वाट्याचा दोर

समुद्र आपल्या लेकरांना कधी अंतर देत नाही. हे वाक्य माझं नाही. मी मुंबईला निघाले त्या सकाळी एसटीच्या थांब्यावर आपल्या शाळेचे हेडमास्तर ते बोलले आणि निरोपाला आलेल्या दोघींनी डोळ्यांना पदर लावला. गाडी सुटली, चढणीला लागली आणि दहाव्या मिनिटाला समुद्र दिसेनासा झाला. मान वळवून पाहिलं, तर मागच्या काचेसमोर कुणाचे तरी फणस रचलेले होते.

हे आज आठवलं ते परवाच्या तुमच्या पत्रामुळे. आपल्या वाळूवर हॉटेल येतंय, माणसं मोजणी करून गेली, किनारा सुधारणार म्हणतात, तुझं मत कळव. माझं मत जरा लांब आहे आणि ते आईपासून सुरू होतं.

वडील गेल्यावर मी तिला अंधेरीला आणलं. गिरण्यांच्या संपानंतरचं वर्ष होतं ते. चाळीतल्या माझ्या खोलीत तिने स्वतःची ट्रंक भिंतीला लावली, दोन लुगडी बाहेर काढली आणि पुन्हा कुलूप घातलं. किल्ली कमरेला. मग अट घातली, "रोज सांजेक माका दर्यार न्हेशीत तर ऱ्हवतंय. नाय तर एसटीत बसय."

समुद्र पंधरा मिनिटांवर होता. ऑफिस सांताक्रूझला असूनही मी ती खोली धरली होती, ती त्यासाठीच. आई रोज भेळेच्या गाड्यांकडे पाठ करून वाळूत बसायची. पहिल्या दिवशी तिने बराच वेळ पाणी पाहिलं आणि निकाल दिला, "वायच मळको आसा. पण आसा." मात्र ट्रंकेचं कुलूप निघालं नाही. गावी पोरीला निरोप देणाऱ्या बाईला इथे स्वतःच निरोप घेण्याच्या तयारीत राहायची सवय लागली होती.

दोन वर्षांनी, दिवाळीनंतर, तिथे एक हॉटेल उघडलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माणसाने खोल्या बांधाव्यात, लोकांनी त्यात राहावं. मग फलक लागला. वरची ओळ मोठ्या अक्षरांत, 'नागरिकांच्या मनोरंजनासाठी किनारा विकास'. खालची बारीक अक्षरांत, 'प्रवेश फक्त हॉटेलच्या पाहुण्यांना'. मी दोन्ही ओळी दोनदा वाचल्या. त्यांना एकमेकींची काही अडचण होत नव्हती.

त्या रविवारी हॉटेलची चार माणसं भिंतीपासून थेट पाण्यापर्यंत खांब रोवून जाडजूड दोर ताणत होती. आता पुढचं तुम्हाला सांगायला नको, पण इथे जन्मलेल्या तुमच्या नातवंडांसाठी लिहिते. आपल्याकडे रापण लागते, म्हणजे होडीतून समुद्रात जाळं सोडतात आणि त्याचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. वाटेने जाणाऱ्या कुणीही हात लावावा. ज्याने दोर ओढला त्याला मासळीचा वाटा. बाई की बाप्या, कुणी विचारत नाही.

आईने वाळूवरची माणसं पाहिली, पाण्याकडे गेलेला दोर पाहिला, पदर खोचला आणि ओढायला लागली. शेजारच्या खोलीतले तात्या फिरायला आलेले होते. त्यांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती, हातांना काम नव्हतं. तेही धावले. रविवारी संध्याकाळी त्या वाळूवर निम्मं कोकण असायचं. दोन मिनिटांत वीसेक माणसं दोराला लागली, तात्या "होऽय" म्हणून ताल देऊ लागले आणि खांब एकामागून एक उपटून बाहेर आले.

टाय लावलेला मॅनेजर पळत आला. "आजी, हे काय चाललंय?"

आईने त्याच्यापुढे पदर पसरला. "दोर ओढलंय मी. माझो वाटो खंय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर करून दिलं. त्याला त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

घरी येताना मी आईला तो दोर कशाचा ते समजावलं. खोलीत आल्यावर तिने बाहेरची लुगडी घडी करून ट्रंकेत ठेवली आणि विचारलं, "गाडी किती वाजता?"

तेवढ्यात तात्या दारात आले. "वयनी, माका गिरणीन सोडल्यान. आता दर्या पण सोडूक सांगतत? फुडल्या आयतवारी परत ओढूया."

"मी चुकान ओढललंय ओ."

"आता समजान ओढूया."

आई मोठ्याने हसली. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच.

मग तसंच चाललं. आठवडाभर ते दोर बांधायचे, रविवारी आम्ही ओढायचो. क्रिकेटवाली पोरं आली. कोळीवाड्यातल्या बायका आल्या. त्यांना बोंबील वाळवायला जागा उरली नव्हती आणि मॅनेजरशी बोलायला त्यांना भाषांतर लागत नव्हतं. एकदा हवालदार आला. तो देवगडचा निघाला. नोंद करण्यासारखं काही दिसत नाही, म्हणाला, पण तुम्ही पाय नीट रोवत नाही.

सहाव्या रविवारी हॉटेलवाल्यांनीच दोर भिंतीला समांतर नेला, भिंतीपासून दहा पावलांवर. त्यांच्या खुर्च्या आत, बाकीची वाळू सगळ्यांची. हॉटेल बुडालं नाही. त्याचे पाहुणे दोर ओलांडून आमच्या बाजूला भेळ खायला येतात.

तर माझं मत असं. हॉटेल येऊ द्या, पोरांना कामं मिळतील. पण दोर भिंतीपाशी. वाळूवर आला तर बैठक बोलावू नका, निवेदन लिहू नका, ओढा. ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

घर कुठलं, असं इथे अजून विचारतात. पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे. आता वाटतं, जिथे हात लावल्यावर हक्काने वाटा मागता येतो, ते घर. आईला तिचा वाटा मिळाला. त्या सहाव्या रविवारी हॉटेलच्या रखवालदाराने उरलेल्या दोराचा एक तुकडा कापून तिच्या हातात ठेवला, "लो मौसी, आपका हिस्सा." त्या रात्री ट्रंक रिकामी झाली.

दोर नायलॉनचा आहे. गॅलरीत बांधलाय. त्यावर दोन लुगडी आणि एक चादर मावते.