आत कोणी आहे का, ते बघून बंद कर

मी विज्ञानाचा मास्तर. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची यांची वर्गात इतकी टर उडवायचो की पोरांनी माझं नाव 'पुरावा सर' ठेवलं होतं. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय… पण घडलं ते घडलं.

साल मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं तेच. गाव पूर्णा, जंक्शनपासून पायी दहा मिनिटांवर आमचं घर. जानेवारीत गल्लीत पेढे वाटले आणि मे महिन्यात हे झालं. घरी मी, बायको आणि अण्णा — म्हणजे वडील. रेल्वेत सांधेवाले होते, गाड्यांसाठी रूळ बदलून देणारे; नुकतेच रिटायर झालेले. धाकटा भाऊ दिलीप हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्यानेच सुटे भाग जमवून एक मशीन घरी उभं केलं होतं. गल्लीतले लोक चपला बाहेर काढून ते बघायला येत.

त्या एका मशीनमध्ये दिलीपने दोन ऑपरेटिंग सिस्टीम घातल्या होत्या. माझ्यासाठी डॉस, प्रश्नपत्रिका टाइप करायला. त्याच्यासाठी युनिक्स. सुरू करताना कोणती हवी ते सांगायचं, एका वेळी एकच चालणार. अण्णांना हे माझ्याआधी कळलं. "म्हंजी इंजन एक, रूळ दोन. सांधा बदलायचा," म्हणाले.

डॉसमध्ये काम झालं की मी सरळ बटण दाबायचो. युनिक्सला ते चालत नसे. दिलीपने बजावलं होतं, "दादा, बंद करायच्या आधी 'हू' ही कमांड मार. आत कोण कोण बसलंय त्यांची नावं येतेत. दुसरं कुनी असलं तर बंद करायचं न्हाई, त्याचं काम मधीच मरतं." मी हसलो होतो. मोठ्या ऑफिसात एका मशीनवर दहा जण बसत असतील. आमच्याकडे कीबोर्ड एक, खुर्ची एक!

त्या दिवशी लाईट अकराला गेली ती दोनला आली. गल्लीतल्या बुद्धजयंतीची पत्रिका संध्याकाळच्या आत टाइप करून छापखान्यात द्यायची होती. मी घाईत मशीन सुरू केलं, वेळेत डॉस सांगायचं राहिलं, आणि ते आपोआप युनिक्समध्ये गेलं. डॉसला जायचं तर ते बंद करणं आलं; माझं नाव टाकून आत गेलो आणि दिलीपने बजावलेली कमांड मारली.

दोन नावं आली. एक माझं. दुसरं दिलीपचं.

त्याच्या नावापुढे बसल्याची वेळ होती — सव्वा एक. एक सिस्टीम लंडनची वेळ धरते, दुसरी आपली; या भांडणात घड्याळ साडेपाच तास मागेपुढे होतं, हे मला माहीत होतं. पण इथे फरक पाऊण तासाचा. आणि सव्वा एकला घरात लाईटच नव्हती!

मी अण्णांना हाक मारली. चष्मा चढवून ते पडद्याकडे बघत राहिले.

"त्यानं सांगितलंय न्हवं? कुनी असलं तर बंद करू नको म्हून. मग ऱ्हाऊ दे की."

"अण्णा, कुनी न्हाई आत. मशीन चुकायलंय."

"लाइन क्लियर नसताना सांधा बदलत नसतेत, बाबू."

मला रागच आला. मास्तर मी, आणि मला हे शिकवणार? भिंतीवरच्या घड्याळात दोन दहा झाले होते. मी बटण दाबलं.

चारला कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याने बोलावलं. दिलीपच्या खोलीतला मित्र बोलत होता. दिलीपच्या स्कूटरला ट्रकने उडवलं होतं. सव्वा एकला.

"शुद्धीवर होता हो. हा नंबर त्यानंच दिला. दोन-दहापर्यंत बोलत होता… मग बोलता बोलता एकदम गप झाला."

त्याच रात्री मी हैदराबादची गाडी पकडली.

दिलीप वाचला. दोन महिन्यांनी आम्ही त्याला घरी आणलं. चालतो, जेवतो, विचारलं तर नीट बोलतो. पण आम्हाला ओळखत नाही. मला 'तुम्ही' म्हणतो. डॉक्टर म्हणाले, डोक्याच्या माराने असं होतं. कॉम्प्युटरमधले जाणकार म्हणाले, यादीत कधी कधी जुनं नाव चुकून राहतं. असेलही. पण नेमक्या सव्वा एकच्या वेळेसकट? बटणाचं मी अण्णांखेरीज कोणाला सांगितलंही नव्हतं.

तो आल्यावर एका दुपारी मी त्याला मशीनसमोर बसवलं. युनिक्स कसंबसं सुरू झालं. मी कमांड मारली. एकच नाव आलं, माझं. शेजारी दिलीप पाहुण्यासारखा मांडीवर हात ठेवून बसला होता.

अण्णा दारातूनच म्हणाले, "हाय का रं आत?"

"हाय, अण्णा. बसलाय."

"मग बंद करू नको," म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

लाईट जाईपर्यंत मी मशीन चालू ठेवलं.