खालच्या तुकड्यातलं शार्डोने

द्राक्ष आंबट काढायचं की गोड, एवढ्यावरून आमच्या घरात दोन सख्ख्या भावांनी एकमेकांचं रक्त काढलं. लोकांना हसू येतं. मला आजही संताप येतो.

ऐंशीच्या दशकात निफाडजवळचा आमचा मळा थोरले दीर बघायचे. सगळी खायची द्राक्षं. नदीकडचा खालचा तुकडा मात्र थंडीचा, पौषात तिथे सकाळी बोटं वाकायची नाहीत. तिथेच माझ्या नवऱ्याने शार्डोने या वाइनच्या द्राक्षाच्या दोन ओळी लावल्या. लावायच्या काड्या त्याच्या नाशिकच्या मित्राने दिल्या. त्यानेच परदेशातून आणलेली त्या द्राक्षाच्या वाइनची बाटली आमच्यासमोर उघडली होती. मीही घेतली घोटभर, खोटं कशाला बोलू? आधी हिरवं सफरचंद, मग लिंबाची साल, आणि शेवटी नदीतला गार दगड चाटल्यासारखं काहीतरी. गोडवा नावाला नाही, तरी जीभ पुन्हा मागत होती. मित्र म्हणाला, थंड मुलखात हे द्राक्ष सावकाश पिकतं, म्हणून त्याची आंबट धार मरत नाही. आपल्याकडे ऊन ती खाऊन टाकतं, तेव्हा धार आहे तोवरच काढायचं. नवरा त्या घोटाने पार खुळावला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचं असं काही हवं होतं.

तिसऱ्या वर्षी माल लागला. मित्र त्याची वाइन करून बघणार होता. आम्ही पाट्या घेऊन गेलो तर दीर ओळीत उभे. त्यांनी एक मणी चावला आणि थुंकला.

"आंबट माल माझ्या मळ्यातून बाहेर जायचा नाय. लोक शेण घालतील तोंडात."

"दादा, हे खायचं नाही. हे आंबटच लागतं."

नवऱ्याने घडाला कात्री लावली. दिरांनी मांडवाचा टेकू उपसला आणि त्याच्या कपाळात घातला. रक्त डोळ्यांत उतरलं तरी तो उठला. त्याच्या ठोशाने दिरांचा दात मातीत पडला. मग दोघेही एकमेकांच्या नरड्याला. मी हातातली पाटी दिरांच्या पाठीत हाणली. सुनेने थोरल्या दिरावर हात उचलला म्हणून गावभर बोभाटा झाला. झाला तर झाला. शेवटी दिरांच्या हुकमाने गड्यांनी आम्हालाच ओढून बाहेर काढलं.

त्यानंतर दीर खालच्या तुकड्यातच मुक्कामाला. पाखरं हाकलत, घडांना ऊन मिळावं म्हणून पानं खुडत. पोटच्या पोराची ठेवावी तशी निगा. आणि एका सकाळी भरलेली पाटी स्वतः आमच्या दारात आणून ठेवली. द्राक्षं पिवळीधमक.

"घे," नवऱ्याला म्हणाले, "आता कुणी नाव ठेवणार नाय. साखर हाय नुसती."

नवऱ्याने एक मणी तोंडात टाकला. धार गेली होती. त्याने कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. मला वाटलं, आज हा भावाला तोडतो. पण तो मळ्यात गेला आणि वेलींच्या खोडांवर घाव घालत सुटला. एकेक वेल तारांना लटकू लागली.

दीर धावत आले. "फळावरची वेल हाय रे ती," म्हणत त्यांनी पुढच्या खोडाला मिठी मारली. कुऱ्हाड तोवर निघाली होती.

त्यांची दोन बोटं गेली. वेल वाचली.

पुढे दर हंगामात दीर उरलेल्या बोटांनी त्या वेलीचे घड काढायचे, आंबट असतानाच, आणि आमच्या दारात ठेवून जायचे. नवऱ्याने त्या घडांना कधी हात लावला नाही.