पॉलिश पेपरवर उभी राहणारी पोरगी

दुकानात दोन गोष्टी विकत आणाव्या लागत नाहीत. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ निदान सकाळी झटकता येते. किस्सा झटकायला जावं तर समोरचा म्हणतो, "मंग पुढं?" आणि गेला दिवस!

नांदेडला माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. बॅटी, शटल, कॅरमच्या सोंगट्या, गॅदरिंगच्या दिवसांत ढाली. बरं चाललं होतं. मग गावात स्केटबोर्डचा क्लास निघाला आणि माझ्या आयुष्यात 'ग्रिप' आली. तेव्हापासून जो दमलोय तो आजतागायत.

गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "ग्रिप द्या." मी बॅटची काढतो. "ही न्हाई." मोटारसायकलची असेल म्हणून समोरच्या रऊफभाईकडं पाठवतो. रऊफभाई गाड्यांचे सीट कव्हर शिवतात. ते परत माझ्याकडं पाठवतात. असा एक माणूस पावसाळ्यात निघालेला, तो अजून रस्ता ओलांडून राहिलाय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना शेवटचं सांगतो. स्केटबोर्ड म्हणजे चार चाकांची फळी. तिच्यावर पाय घसरू नये म्हणून वरून काळा, खरखरीत कागद चिकटवतात. ती ग्रिप. हे वाक्य इतक्यांदा बोललोय की आता फोन उचलला तरी 'हॅलो'च्या आधी हेच तोंडात येतं.

*

मयुरी नववीला. गाव हदगावकडं. वडील दिगंबरराव शेती बघतात. पोरीच्या शिक्षणासाठी नांदेडात खोली केलेली. मायलेकी इथं, हे तिथं, रविवारी एसटीनं येणंजाणं. मयुरीला क्लासमधून लातूरच्या निवडीला उतरायचं होतं. लातूरला निवड झाली की पुढं राज्याला. फळी क्लासची मिळत होती, पण सराव घरी करायचा तर स्वतःची हवी. म्हणून दिगंबरराव तिला घेऊन माझ्या दुकानात आले.

दिगंबररावांनी ग्रिपवर तळहात फिरवला आणि झटक्यात मागं घेतला.

"शेठ, हे तर पॉलिश पेपर हाय! याच्यावर माझी पोरगी उभी ऱ्हाणार?"

"पोरगी नाही हो, बूट उभे राहतात."

"आन पडली तर?"

"त्याच्यासाठी हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड, मनगटाचे गार्ड."

"म्हंजे पडायचं ठरलेलंच हाय!"

मी हेल्मेट पुढं सरकवलं.

त्यांनी हेल्मेट उचललं. तळहातावर तोललं, टिचकी मारली, कानाला लावलं. रऊफभाई रस्त्यापलीकडून ओरडले, "पाटील, काट के देखो! लाल निकलेगा!"

शेवटी समदं घेतलं. पण जाताना मयुरीसमोर बोट उभं केलं. "ऐक मयुरे. अंगावर एक ओरखडा दिसू दे, त्या दिवशी ही फळी चुलीत. लातूर न्हाई का फितूर न्हाई. मंग रडायचं न्हाई."

मयुरी पट्टा आवळत म्हणाली, "बाबा, खोलीत चूल कुठाय? गॅस हाय."

"तर गावाकडं न्हेऊन जाळीन!"

*

दुसऱ्याच दिवशी मयुरीची आई हेल्मेट घेऊन हजर. "शेठ, हे बदलून मोठं द्या. वाढतं अंग हाय."

मी सांगितलं, "वहिनी, हेल्मेट डोक्याला घट्टच पाहिजे. भुवईच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली, हलायला नको. फ्रॉक आहे का दोन साल पुरवायला?"

ऐकतील तर शपथ! मोठं घेऊन गेल्या. मग व्हायचं तेच झालं. मयुरी मान वळवायची, हेल्मेट समोरच बघत राहायचं. क्लासचे सर अर्धा तास हेल्मेटशी बोलत होते; पोरगी कधीच पाणी प्यायला गेलेली.

वहिनी परत आल्या, बदलून नेलं. मी म्हणालो, "सांगत होतो ना? डोकं असं किती वाढणार?"

"आत्ता नववी हाय म्हणून," त्या म्हणाल्या. "दहावीला वाढंल की!"

*

दिगंबररावांच्या मनातून पॉलिश पेपर काही जाईना. पोरगी त्याच्यावरच पडली तर सोलून निघंल, ही धास्ती. पुढच्या रविवारी मला न विचारता ते फळी घेऊन रऊफभाईकडं गेले. "याच्यावर मऊ कायतरी बसवा."

रऊफभाईला 'मऊ' एवढंच सांगायचा अवकाश! खाली फोम, वर चॉकलेटी रेक्झिन, कडेला पांढरी पायपिंग. फळी अशी दिसायला लागली की तिच्यावर नवरदेव बसवावा.

मी ओरडलो, "अहो, घसरेल ती!"

"घसरती? मेरा काम घसरता क्या?" म्हणत रऊफभाई स्वतः चढले. आमची गल्ली उताराची. फळी एकीकडं गेली आणि रऊफभाई रेक्झिनवरून जे सुटले ते थेट कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसले. अगदी मांडी घालून.

चहावाल्यानं मान वर न करता विचारलं, "कटिंग का फुल?"

रेक्झिन त्याच दुपारी निघालं. पायपिंग काढताना मात्र रऊफभाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

*

नवी ग्रिप चिकटवताना कडेचे तुकडे उरतात. मयुरीनं ते खोलीच्या खिडकीत ठेवले. घरमालकीण काकूंचं आणि त्या फळीचं हाडवैर. "वर गच्चीवर काय दळण दळून राहिलेत का?" असं दिवसातून चारदा विचारायच्या. फळी बंद नाही झाली तर खोली खाली करा म्हणाल्या.

एक दिवस काकू माझ्या दुकानात. मला वाटलं, आता माझी पाळी.

त्यांनी पदराआडून तो काळा तुकडा काढला. "हे अजून पाहिजे."

"काकू, तुम्हीपण स्केटिंग?"

"गप! टाचा घासते मी. लोण्यावानी झाल्या." मी बारीक दाण्याची ग्रिप दाखवली. त्यांनी बोटानं चाचपली, तोंड वाकडं केलं. "ही पोरासोरांची हाय. मला मयुरीवालीच द्या."

त्या दिवसापासून गच्चीवरचं दळण जरा बंद पडलं की काकूच वर जाऊन विचारायच्या, "का गं, आज प्रॅक्टिस न्हाई?"

*

गुडघ्याचे पॅड हा तर वेगळाच ताप. मी मागवले स्केटिंगवाल्या पोरांसाठी. घेऊन गेले फरशी बसवणारे मिस्त्री. दिवसभर गुडघ्यावर बसायचं म्हणजे त्यांना पाहिजेतच. अर्धं नांदेड माझ्या पॅडवर गुडघे टेकून टाइल्स बसवून राहिलंय आणि पोरं दुकानात येऊन विचारतात, "काका, पॅड कधी येणार?"

एकदा रिटायर्ड गुरुजी आले. "पॅड द्या गुडघ्याचं."

मी सवयीनं म्हणालो, "नातवाला का?"

"न्हाई," गुरुजी थंडपणे म्हणाले, "गुडघ्याला."

*

दसऱ्याला दिगंबररावांनी फळीची पूजा काढली. चाकाची वस्तू म्हणजे गाडी, गाडी म्हणजे पूजा. झेंडूचा हार, हळदकुंकू, चारी चाकांखाली लिंबं. पुढं ढकलायची तर चाकं इतकी बारकी, की लिंबं चिरडायच्या ऐवजी फळीच लिंबांवर बसली. "अशी गाडी बघितली न्हाई," म्हणत त्यांनी लिंबं हातानं पिळली.

मग नारळ. आजूबाजूला दगड दिसेना.

"शेठ, हेल्मेट मजबूत म्हणला होता ना?"

मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत नारळ बसला! एका दणक्यात दोन भकलं. हेल्मेटला चरासुद्धा नाही. दिगंबरराव खुश. खोबरं वाटत सुटले. "एक नंबर माल दिला शेठ!"

मी कपाळ धरून बसलो. "दिगंबरराव, हे आता टाकून द्या. एकदा जोराचा मार बसला की हेल्मेट बदलायचं असतं. आतला थर दबतो. वरून दिसत नाही."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग मंडळींकडं वळले. "ऐका! परीक्षेत पास झालं म्हणून पोरगं शाळेतून काढा म्हणून राहिला हा माणूस!"

नवं हेल्मेट घेतलं हो. पण ते जुनं अजून हदगावला आहे. त्यात अंडी ठेवतात.

*

लातूर जवळ आलं तशी मयुरी मनगटाचे गार्ड शाळेतसुद्धा घालायला लागली. सवय व्हावी म्हणून. ते गार्ड म्हणजे काळा पट्टा, तळहाताखाली कडक प्लास्टिकची पट्टी. लांबून बघणाऱ्याला प्लॅस्टर वाटणारच.

गावाकडचा एक दूरचा मामा एसटी स्टँडवर होता. त्यानं पोरीला रिक्षातून जाताना पाहिलं. त्यानं एकाला फोन केला: मयुरीच्या हाताला प्लॅस्टर. त्या एकानं दुसऱ्याला केला: दोन्ही हात. हदगावच्या पारावर बातमी पोचली तोवर पोरीच्या हातात रॉड टाकायचं चाललं होतं.

भेटायला यायची आपल्याकडं रीतच. दुपारी खोलीसमोर जीप उभी. आत्या, चुलते, सोयरे. प्रत्येकाच्या हातात केळी नाहीतर बिस्किटाचा पुडा. आत्यानं जिन्यापासूनच गळा काढला. पाठोपाठ दिगंबरराव, शेतातून तसेच आलेले, पायात चप्पल नाही.

मी आणि रऊफभाई धावत गेलो. मयुरी कोपऱ्यात उभी, चेहरा पांढराफटक. तिला कळलं होतं, आता लातूर गेलं. तिनं एकेक पट्टा सोडला. कर्र. कर्र. दोन्ही हात वडिलांपुढं धरले. उलटे, सुलटे. कोरे करकरीत!

दिगंबरराव खाली बसले. त्यांना पाणी दिलं.

आत्यानं डोळे पुसले, हात पुन्हा एकदा नीट तपासले आणि भडकली. "कायच न्हाई झालं? मंग एवढी जीप करून आम्ही आलो कशाला?"

आलेल्याला उपाशी कसं पाठवायचं? मयुरीच्या आईनं एकटीनं सगळ्यांच्या भाकरी थापल्या. त्या दिवशी त्या खोलीत खरं भाजलं ते एकच माणूस, आणि त्या माउलीला बघायला कुणी जीप केली नाही.

*

लातूरला मीही गेलो. जायचं नव्हतं. पण दिगंबरराव म्हणाले, "सामान तुमचं हाय, तुम्ही जबाबदार." रऊफभाई का आले विचारलं तर म्हणाले, "जीपची सीट मीच शिवली. बसून बघायची व्हती." लोहा, अहमदपूर करत आम्ही पोचलो तेव्हा माझी कंबर आणि मी वेगवेगळ्या जीपमधून आल्यासारखे वाटत होतो.

मैदानावर सिमेंटचे उतार केलेले. नियम सोपा: दोन फेऱ्या, जी चांगली ती धरायची. कुठं लागलं असेल तर सोबतच्या मोठ्या माणसानं "ठीक आहे" म्हणायचं, तरच दुसरी फेरी. मयुरीसोबत मोठं माणूस म्हणजे दिगंबरराव. कठड्याला पोट लावून उभे. टोपी काढून हातात घेतलेली, ती पिळून राहिलेले.

पहिल्या फेरीत मयुरी सुरेख निघाली. दोन उतार चढली, वळली. तिसऱ्यावर फळी पुढं गेली, ही मागं. हेल्मेट टेकलं, गुडघे टेकले, मनगटं टेकली. जे जे विकलं होतं ते ते सगळं टेकलं. एक कोपराचं पॅड तेवढं घामानं सरकलं होतं. ती सिमेंटवरून घासत गेली.

उठली. फळी उचलली. आमच्याकडं आली ती एक हात पाठीमागं धरून.

"दाखव," दिगंबरराव म्हणाले.

ती हलेना.

"मयुरे, हात दाखव."

तिनं कोपर पुढं केलं. मनगटाच्या वर वीतभर सोललेलं होतं. बारीक बारीक थेंब फुटून राहिले होते. ती रडत नव्हती. फळी मात्र छातीशी अशी धरली होती, की ग्रिपवर हनुवटी घासून लाल झाली होती.

पंच आले. हातात शिट्टी. "वडील का? दुसरी फेरी द्यायची का हिला? हे आत्ता लागलं ना?"

मी दिगंबररावांकडं बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. रऊफभाई जमिनीकडं बघत होते.

दिगंबररावांनी पोरीचा हात हातात घेतला. वाकले. उजेडाकडं धरला. बैलाचा खूर बघतात तसा फिरवून फिरवून बघितला. अंगठ्यानं ते थेंब हळूच टिपले. अंगठा ओला झाला, तो त्यांनी धोतराला पुसला. पांढऱ्या धोतरावर डाग उमटला, तोही बघितला. मग सरकलेलं पॅड कोपरावर नीट ओढून बसवलं, पट्टा करकचून आवळला आणि पंचांना म्हणाले,

"ठीक हाय साहेब. हे जुनं हाय."

पंचांनी धोतराकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी होकारार्थी मान हलवली. पटेना म्हणून त्यांनी रऊफभाईकडं बघितलं.

रऊफभाईनं घसा साफ केला. "हौ साब, बहुत पुराना है. निजाम के जमाने का!"