दुश्मनाच्या रंगाचा मफलर

कोल्हापुरात आमच्या पेठेतली पोरगी सासरी जाते, पण तालीम बदलत नाही. तिथं फुटबॉलचे संघ तालमींचेच, आणि मॅचला ती माहेरच्याच संघासाठी घसा फोडते. माझा नवरा पुण्याचा, क्रिकेटवाला, त्यामुळे माझी कुणाला काळजी नव्हती. पुढे नव्वदच्या दशकात त्याच्या नोकरीपायी आम्ही योकोहामाला आलो, आणि तिथं मी घसरले.

दोष शेजारच्या आजींचा. जपानात नवी फुटबॉल लीग नुकतीच सुरू झाली होती आणि त्या मला मॅचला ओढून न्यायच्या. त्यांचा संघ निळा-पांढरा. आमच्या पेठेचा हाडवैरी संघही नेमका निळा-पांढराच! पहिल्यांदा तो मफलर गळ्यात घालताना अंगावर काटा आला. दोन-तीन मॅचनंतर मी आजींपेक्षा मोठ्यानं किंचाळत होते.

आबा, म्हणजे माझे वडील, महिनाभर राहायला आले तेव्हा मी मफलर तांदळाच्या डब्यामागे लपवला. पण आजींनी त्यांनाही मॅचला बोलावलं आणि स्टेडियमच्या दारात कोरा मफलर त्यांच्यापुढे धरला. दोन्ही हातांनी, वाकून.

आबांनी रंग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय गं, एवढ्या मोठ्या मुलखात तुला ह्योच रंग गावला?"

माझा जीव टांगणीला लागला. आजींचा मान राखायला त्यांनी तो नुसता घ्यावा, एवढ्यानं माझं भागणार नव्हतं. माझा नवा संघ त्यांना आवडायला हवा होता.

आबांनी मफलर घेतला, आत बसल्यावर घडी करून मांडीवर ठेवला. संघ एका गोलनं मागे पडला, तरी घडी मोडली नाही. मग आमचा एक पोरगा चेंडू घेऊन सुटला आणि आबा ताडकन उभे राहिले.

"आरं, कडंनं काढ की! कडंनं!"

त्यानं खरंच कडेनं काढला. गोल! आबा मफलर डोक्यावर गरगर फिरवत होते आणि आजी टाळ्या पिटत होत्या.

घरी आल्यावर मात्र मफलर बॅगेत अगदी तळाशी गेला.

आबा परत गेल्यावर, थंडीत कोल्हापूरहून भावाचा फोन आला. तो हसून हसून बेजार. आबा म्हणे सकाळी तो मफलर गुंडाळून थेट तालमीच्या कट्ट्यावर गेले. सगळे तुटून पडले, "काय आबा, पेठ बदलली काय?"

"लेकीच्या गावचा आहेर हाय," आबा म्हणाले. "आहेर अंगाला लावायचा असतोय. रंग बघायचा नसतोय."