पाचशे चाळीसला शून्य

मुलं ज्यांना वाफसर म्हणत, त्या सरांच्या प्रयोगशाळेत वाफेचा अप्रकट उष्मा कधीच बरोबर येत नसे. पुस्तक म्हणे, उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला पाचशे चाळीस कॅलरी लागतात. इथे यायच्या चारशे सत्तर, फार तर चारशे नव्वद. त्यामुळे सरांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: ज्याचं उत्तर पाचशे चाळीस, त्याने ते पुस्तकातून उतरवलं. त्याला शून्य, आणि वहीवर पालकांची सही.

या नियमापायीच त्यांचं लग्न झालं. संध्याकाळच्या वर्गाला त्यांच्याच वयाची, टपालखात्यातली एक कारकून यायची. तिचं उत्तर आलं पाचशे चाळीस. सरांनी शून्य दिलं आणि ती जी भांडायला आली, ती आजतागायत भांडतेच आहे. भाजीत मीठ कमी पडो की छप्पर गळो, गाडी शेवटी तिथेच यायची.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," ती म्हणायची.

"असं उत्तर येतच नाही," सर म्हणायचे. पण हल्ली हे म्हणताना ते तिच्याकडे बघत नसत. ती खरं बोलत असेल तर आपण जन्मभर एका खऱ्या माणसाला खोटं ठरवत आलो, ही भीती त्यांना खात होती.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्यांनी ठरवलं, हा प्रयोग आपणच करून बघायचा. नोकरीला लागल्यापासून त्यांनी तो नुसता तपासला होता. पाणी उकळलं, वाफ रबरी नळीतून तांब्याच्या भांड्यातल्या गार पाण्यात सोडली. नळी हाताला चटके देऊ लागली, तसा सरांनी गळ्यातला मफलर काढून तिला गुंडाळला. भांड्याचं वजन केलं, तापमान पाहिलं, गणित मांडलं.

पाचशे चाळीस.

सरांनी भांडं पुन्हा तोललं. गणित पुन्हा केलं, तरी तेच. मग लाल पेन काढून त्यांनी स्वतःला शून्य दिलं, कारण नियम म्हणजे नियम. खाली लिहिलं, 'पालकांची सही आणणे.' आईवडील केव्हाच गेले होते. उरली बायको.

घरी ती चहाचं आधण ठेवत होती. सरांनी वही पुढे केली.

"सही हवी आहे. आणि तुझं उत्तर खरं होतं. मला माफ कर."

तिने वही नीट वाचली. "खरं नव्हतं. पुस्तकातूनच उतरवलं होतं मी."

सरांना हसावं की रडावं कळेना. "मग इतकी वर्षं भांडलीस कशाला? शून्य बरोबरच होतं की."

"शून्य बरोबर होतं. तुम्ही चूक होतात. त्या नळीने माझी बोटं भाजली, म्हणून प्रयोग अर्धा टाकला मी. उत्तर कसं आलं, एवढं विचारलं असतंत तर बोटं दाखवली असती."

तिने पालक म्हणून सही ठोकली, स्टूल ओढलं आणि समोर बसली.

"आता सांगा. तुमचं कसं आलं?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. वाफ नळीतच गार होऊन तिचं पाणी होतं, ते पाणी आपण वाफ म्हणून मोजतो, मफलरने ते कसं थांबलं, सर हातवारे करून सांगत सुटले. आधण आटून भांडं करपायला लागलं, तरी ती उठली नाही.