चार फूट पुढे

आयोवातल्या त्या लहानशा शहरात बेसबॉलचं क्रेमर पार्क पाडून सुपरमार्केटच्या गाड्यांसाठी डांबर ओतलं, त्याला तीस वर्षं झाली. आणि आता शहराला एकदम उमाळा आला होता. फलंदाज जिथे उभा राहायचा त्या होम प्लेटच्या जागी पितळी पाटी बसवायची, तिच्यावर नाव इथल्या संघाचा फलंदाज डेल्बर्ट कोझॅकचं: एका मोसमात एकतीस होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडे मारलेले फटके.

जागा दाखवायला ऑरविल टेशला बोलावलं. बावीस वर्षं मैदान त्यानेच राखलं होतं. माती चाळली, गवत कापलं, चुन्याच्या रेघा मारल्या. बायको ओरडायची, "घरच्या अंगणात जंगल माजलंय, ते दिसत नाही का?"

नगरपालिकेच्या मुलीने नकाशा बघून खडूची फुली मारली. "आजोबा, इथंच ना?"

नकाशा खरा होता, पण चोपन्न सालापर्यंतच. डेल्बर्टचे फटके तेव्हा कुंपणाशी येऊन मरत. संघाच्या मॅनेजरने कानात सांगितलं आणि बर्फ वितळताच ऑरविलने होम प्लेट, गोलंदाजाचा उंचवटा, धावणाऱ्यांचे तिन्ही टप्पे म्हणजे बेस, सगळं गुपचूप कुंपणाच्या दिशेने चार फूट पुढे सरकवलं. आता खरं बोलावं तर डेल्बर्टची अब्रू जाणार. गप्प बसावं तर आपल्या मैदानाची उरलीसुरली खूणही खोटी ठरणार.

तेवढ्यात डेल्बर्टच काठी टेकत आला. फुलीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ती ओलांडून पुढे गेला, पाय फाकवले, जरासा सरकला आणि थांबला. अगदी बरोब्बर.

"इथं," तो म्हणाला.

"पण नकाशात..."

"नकाशा खेळायचा होय गं? जा, टेप आण!"

मुलगी गेली. ऑरविल पुटपुटला, "तुला ठाऊक होतं?"

"आई माझ्या पाठीमागच्या पहिल्या रांगेतून माझ्या नावानं ओरडायची. त्या वर्षी तिचा आवाज लांबून यायला लागला."

"मग सदतीस वर्षं बोलला का नाहीस?"

"काय बोलू? माझ्यासाठी कधी कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नव्हती रे. तू अख्खं मैदान सरकवलंस!"

ऑरविलला रडू आवरेना. मुलगी टेप घेऊन परतली, तेव्हा डेल्बर्ट तिथेच उभा होता.

"पोरी, पाटीवरचा आकडा काढ," तो म्हणाला. "माझं नावही काढ. नुसतं 'होम प्लेट' लिही."