भाऊजींच्या जहाजातला कापूस

सगळ्यांत आधी आल्या त्या शेजारच्या शांताबाई. त्यांना कोणी बोलावले नव्हते. भाऊजींच्या पंचाहत्तरीच्या गौरवाच्या पुस्तकासाठी बुलढाण्याहून त्यांचे दोन विद्यार्थी येणार, हे शांताबाईंना स्टँडवरच कळले. मागून ती मुले आली आणि मलाच म्हणाली, "आजी, सरांवर तुम्ही लिहा." माझी शाळा चौथीपर्यंतची. चार ओळी झाल्या की हात दुखतो, मग टेकते. पण आनंद एवढा की पुन्हा उठते.

मी लग्न होऊन मोताळ्याला आले, तेव्हा हे भाऊजी, माझे धाकटे दीर, बैलांच्या हौदात पळसपानांच्या होड्या सोडून बसले होते आणि बैल तहानलेले उभे. सासूबाई ओरडल्या, "समिंदर पाह्यला का रे तुनं कधी?" पाहिला नव्हता. पुढे भाऊजींनी मराठ्यांच्या आरमाराच्या इतिहासाला सारा जन्म दिला. लोक विचारत, "सर, मोताळ्याहून जहाज कितीले सुटते?" भाऊजी म्हणत, "यष्टी गेली की तिच्या मांगून."

मी वाती वळत बसले की भाऊजी जुने मोडी कागद मला वाचून दाखवत. एकदा जेवता जेवता जहाज बांधायच्या सामानाची यादी वाचली: लाकूड, खिळे, कापूस, तेल, राळ. आपल्या पुस्तकात त्यांनी हा कापूस विकायला न्यायचा माल म्हणून लिहिला होता. आम्हा वऱ्हाडातल्यांना कापूस म्हटले की गाडी भरून बाजार, दुसरे सुचतच नाही. मी म्हटले, "भाऊजी, तेलाजवळ कापूस इकायले कोन ठेवते? फटीत भरायले असन. मी काठवटीच्या चिरीत काय भरतो मंग?"

भाऊजी ताटावरून तसेच उठले. वर्षभर कागद धुंडाळले. फळ्यांच्या सांध्यांत तेलाचा कापूसच ठोकत, असे निघाले. नव्या आवृत्तीत त्यांनी छापले, ‘माझी चूक वहिनींनी दाखवली.’ एवढे शिकलेले माणूस, चुलीपाशी मिळालेले चुलीपाशीच ठेवू शकले असते.

माझ्या मोतीबिंदूच्या वेळी महिनाभर डोळ्यांत औषध भाऊजींनीच घातले. आता त्यांचीच नजर मंदावली. वाचन बंद, जहाजबांधणीचे शेवटचे पुस्तक अर्धे. गेल्या महिन्यात म्हणाले, "वहिनी, थकलो आता. बांधून ठेवा कागद." मीही थकलेली. गाठोडे बांधून टाकले.

त्या दिवशी आलेल्या मुलांनी ते गाठोडे पाहिले. त्यांतली मुलगी म्हणाली, "सर, आम्ही वाचतो. तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो." चहा झाला, शांताबाईंचे गावभरचे सांगून झाले. मग भाऊजी हळूच मला म्हणाले, "वहिनी, ते गाठोडं सोडता का जरा?"

माझी गाठ बैलगाडीची, पक्की. सोडताना बोटे दुखली, पण सोडली.

भाऊजी, तुमचे शरीर धड राहो, आवाज खणखणीत राहो, आणि जहाजांचे पुस्तक झाल्यावरही पुष्कळ वर्षे तुम्ही माझ्या चुलीपाशी चुका काढून घ्यायला बसावे.

मुले गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने येतो म्हणून गेली आहेत. शांताबाई बुधवारीच येतील.